लेकरू कुणाच्या डोळ्यांनी बघतंय?

पालकहो, पालकसभेला तुमच्यापैकी बरेचजण एकच तक्रार घेऊन येता. "मॅडम, पोरगं मोबाइल खाली ठेवत नाही. जेवताना गेम, झोपताना गेम. तुम्हीच काहीतरी सांगा त्याला." मग आपण मिळून तासांचा हिशेब करतो. शाळेच्या दिवशी किती वेळ द्यायचा, सुट्टीला किती, परीक्षेच्या महिन्यात किती. हा हिशेब हवाच. रात्री जागलेलं लेकरू पहिल्या तासाला पेंगतं, फळ्यावरचं वाचताना डोळे चोळतं, हे वर्गात रोज दिसतं. पण माझं लेकरू त्या गेममध्ये कोण असतं, हा प्रश्न घेऊन अजून माझ्याकडं कुणी आलेलं नाही.

आज मला तुमच्याशी तेवढंच बोलायचंय.

ज्या गेमला गोष्ट असते, तो गेम खेळणाऱ्याला त्या गोष्टीत कुठंतरी उभं करतो. राज्य बुडतं, राक्षस येतात, देव बोलतात, हे सगळं कुणाच्या तरी डोळ्यांतूनच आपल्याला दिसतं. ते पात्र जिथं जाईल तिथं आपण जातो, त्याला जे कळलं तेवढंच आपल्याला कळतं. कादंबरीतही असं पात्र असतं. पण कादंबरी वाचताना आपण त्याच्या मागून चालतो. गेममध्ये मात्र बोट दाबल्याशिवाय ते पात्र पाऊलही टाकत नाही. म्हणून मुलं सांगताना "तो पडला" असं म्हणत नाहीत, "मी पडलो" म्हणतात. तुम्ही कधी कान देऊन ऐकलंत तर हे तुमच्याही लक्षात येईल.

तासन् तास मूल कुणीतरी दुसरं होऊन राहत असेल, तर ते दुसरं माणूस कसं आहे, हे आईबापाला ठाऊक असायला नको का? आपण पोराचे मित्र कोण, ते कुणाच्या घरी जातं, कुणाच्या गाडीवर बसतं, सगळं विचारतो. हे एक माणूस मात्र आपल्या चौकशीतून सुटलंय.

पुण्यात बनलेला एक गेम आहे, 'राजी : ॲन एन्शंट एपिक'. श्रुती घोष, अविचल सिंह आणि इयान मॉड यांनी 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्या कंपनीतून तो उभा केला. लोकांकडून पैसे गोळा करण्याची त्यांची २०१७ ची मोहीम यशस्वी झाली नव्हती, तरी त्यांनी काम सोडलं नाही. ऑगस्ट २०२० मध्ये गेम आधी निन्टेंडो स्विचवर आला आणि ऑक्टोबरमध्ये संगणकावर व इतर यंत्रांवर. त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स' या जागतिक पुरस्कारांत पदार्पणातल्या सर्वोत्तम गेमच्या नामांकनांत त्याचं नाव होतं. राजस्थानी वाडे-किल्ल्यांची घडण, पहाडी चित्रांचे रंग, आणि मधूनमधून गोष्ट पुढं नेणारा छायाबाहुल्यांचा खेळ. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीला ठाकर मंडळींनी चामड्याच्या बाहुल्यांचा असा खेळ पिढ्यान् पिढ्या जपलाय. तो ज्यांनी पाहिलाय, त्यांना ही पडद्यावरची सावली ओळखीची वाटेल.

यात राक्षसांचं सैन्य माणसांच्या जगावर चालून येतं. मुलं पळवून नेली जातात. त्यांचा सेनापती महाबलासुर. देवलोकात दुर्गा आणि विष्णू हे सगळं वरून बघतायत, बोलतायत. दुर्गेचा एका माणसावर विश्वास बसलाय, विष्णूला त्याबद्दल शंका आहे. आता सांगा, खेळणाऱ्याला कुठं उभं करता आलं असतं? दुर्गेच्या जागी उभं केलं असतं तर आठ हात, सिंह, सगळी शस्त्रं आयती हातात. पण गेम करणाऱ्यांनी तसं केलं नाही. त्यांनी खेळणाऱ्याला खाली, मातीत, राजीच्या जागी उभं केलं. राजी ही सर्कशीत कसरती करून पोट भरणारी पोर. तिच्या अंगात देवपण नाही, मागं घराणं नाही. तिचा धाकटा भाऊ गोलू राक्षसांनी उचलून नेलाय आणि तिला तो परत आणायचाय. भिंतीवरून धावणं, खांबाला गरकन वळसा घेऊन उडी मारणं, ही तिची लढाई तिच्या पोटापाण्याच्या कसरतीतून आलेली आहे. देवांची शस्त्रं तिला मिळतात, पण एकेक करून, वाटेत. मधेच ती एखाद्या भिंतीवरच्या चित्रापाशी थांबते आणि देवांच्या जुन्या कथा तिच्यासोबत खेळणाऱ्यालाही ऐकायला मिळतात. तिला जे माहीत नाही ते आपल्यालाही माहीत नसतं. ती ऐकते तेव्हा आपणही ऐकतो.

ही जागा निवडण्यात मला मोठं शहाणपण दिसतं. देवाच्या जागी उभं राहिलेल्या मुलाला फक्त जिंकता येतं. घाबरलेल्या बहिणीच्या जागी उभं राहिलेल्या मुलाला कशासाठी जिंकायचं हेही कळतं.

तुळजापूरच्या माणसांना तर हे मी वेगळं सांगायलाच नको. आई भवानीची जी कथा आपल्याकडं सांगितली जाते, तिची सुरुवात आठवून बघा. महिषासुराचा वध साऱ्या देशाला ठाऊक आहे. पण तुळजापूरची कथा स्वर्गातल्या सभेत सुरू होत नाही. ती सुरू होते अनुभूतीपासून. कर्दम ऋषी गेले, पदरात लहान लेकरू, आणि ही बाई मंदाकिनीच्या काठी तप करत बसलेली. कुकुर दैत्य तिला छळायला येतो. ती देवीला हाक मारते. देवी धावून येते. दैत्य रेड्याचं रूप घेतो आणि मारला जातो. म्हणजे एवढं मोठं युद्ध आपण बघतो ते एका एकट्या आईच्या बाजूला उभं राहून. देवीच्या मूर्तीच्या शिळेतच तप करणारी एक स्त्री कोरलेली आहे, ती अनुभूती असं मानतात. शारदीय नवरात्रात लाखो माणसं पायी चालत येतात, देवीचं मुख बघतात, आणि त्या बाईकडं फारसं कुणाचं लक्ष जात नाही. पुढच्या वेळी दर्शनाला जाल तेव्हा लेकराला आवर्जून सांगा, ती बघ, ही गोष्ट तिची आहे.

तुमच्या घरात कुणी राजीचा खेळ बघत असेल तर आजीला त्याच्यापुढं अनुभूतीची कथा सांगायला लावा. मूल आपणहून म्हणेल, "अगं आजी, हे तर सेमच आहे!" तिथून पुढं दोघांचं बोलणं कुठवर जाईल ते तुम्ही फक्त ऐका.

मी 'खेळत' न म्हणता 'बघत' म्हणाले, ते मुद्दाम. आपल्या भूम, वाशी, कळंबच्या गावांतून असे मोठे गेम चालतील असा संगणक किंवा यंत्र किती घरांत आहे? मुलं हे गेम बहुधा यूट्यूबवर बघतात. कुणीतरी दुसरा खेळत असतो, वर तोंडानं सारखा बोलत असतो, आणि आपलं लेकरू बाजेवर पडून त्याचा खेळ बघतं. इथं तर डोळ्यांचे दोन पदर झाले. राजीला दिसतं ते एक, आणि तिला चालवणारा तो ओरडणारा दादा काय म्हणतो ते दुसरं. राजी भावासाठी रडत असताना तो दादा तिच्या कपड्यांवर काही बोलला, हसला, शिवी दिली, तर लेकरू कुणाच्या बाजूनं बघतं? म्हणून गेमचं नाव विचारताना तो कुणाच्या चॅनेलवर बघतोस, तेही विचारा. शक्य असेल तर एखादा भाग आवाज बंद करून सोबत बघा आणि मुलालाच सांगू द्या काय चाललंय ते.

राजीबद्दल आणखी एक बोलायचंय, आणि ते मला सगळ्यांत जवळचं आहे. दिवाळी सरली की आपल्या जिल्ह्यातून टोळ्या निघतात. बैलगाडी, ट्रॅक्टर, नाही तर ट्रकमध्ये संसार भरून माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. फडाच्या कडेला कोपी पडते. पहाटे अंधारात आई आणि बाप कोयता घेऊन फडात शिरतात, आणि कोपीत मागं कोण राहतं? आठ-दहा वर्षांची पोर, तिच्या कडेवर धाकटा भाऊ. त्याला भरवायचं, साप-विंचवापासून जपायचं, तो रडला तर आई येईपर्यंत थोपटायचं. तिची शाळा इथं सुटते आणि तिथं लागत नाही. धाकट्या भावाला जपणारी ही बहीण आपल्या डोळ्यांपुढं आहे. कुठल्याही महाकाव्यात तिला जागा मिळालेली नाही. एखाद्या गेमनं तशा पोरीला गोष्टीच्या मधोमध उभं केलं, आणि आपला मुलगा दोन तास तिच्या पायांनी धावला, तिच्या भीतीनं घाबरला, तर माझ्या दृष्टीनं ते दोन तास वाया गेले नाहीत. मुलगा असून मुलीच्या जागी उभं राहायची संधी आपल्या घरांत त्याला दुसरी कुठं मिळते? त्याच्या बहिणीनं ताट वाढलं, पाणी आणून दिलं, त्याची पुस्तकं उचलून ठेवली. तिच्या नजरेतून हे घर कसं दिसतं, हे त्याला कुणी विचारतं का?

आणि मुलीला तर तो खेळ हातात द्याच. आपल्या पोरींच्या हातात मोबाइल फार कमी वेळ असतो. घरात एकच फोन असला की आधी तो भावाकडं जातो. हे तुम्हालाही ठाऊक आहे, मलाही.

आता दुसऱ्या एका गेमबद्दल. हा जपानचा, 'फायनल फँटसी १२'. मार्च २००६ मध्ये प्लेस्टेशन २ वर आला, २०१७ मध्ये नव्यानं सजवून पुन्हा आला. मोठी मुलं याबद्दल बोलतात. एका मुलाला मी विचारलं, "त्यात तू कोण असतोस?" म्हणाला, "वान." म्हटलं, "वान कोण? राजा?" "नाही मॅडम, तो कुणीच नाही. तो नुसता बघतो अन् इचारतो."

इतकं नेमकं उत्तर मला एखाद्या समीक्षकानंही दिलं नसतं. खरंच, वान त्या गोष्टीत कुणीच नाही. दाल्मास्का नावाचं छोटं राज्य आर्केडियाच्या साम्राज्यानं गिळलंय. गादीची खरी वारस राजकन्या ॲश. बाश नावाचा सरदार राजाला मारल्याच्या आरोपाखाली बदनाम झालाय. बाल्थियर हा आकाशातला चाचा तर उघडच सांगतो की या गोष्टीचा नायक मीच. आणि ज्याच्या डोळ्यांनी आपण हे सगळं बघतो तो वान म्हणजे राजधानीच्या गल्लीत वाढलेला सतरा वर्षांचा अनाथ पोरगा. शिपायांचे खिसे कापतो, मोठेपणी आकाशात उडायची स्वप्नं बघतो. पुष्कळ खेळाडूंना याचा रागच आला. आम्हाला राजकन्या नाही तर सरदार व्हायचं होतं, हे पोरगं मधे कशाला, असं त्यांचं म्हणणं. गेम करणाऱ्यांच्या पहिल्या आराखड्यात नायक बाश होता, नंतर त्यांनी तरुण वानला पुढं आणलं, हे त्यांनीच पुढं सांगितलंय.

या रागात मी सामील नाही. गोष्टीतल्या मोठ्या माणसांना सगळं आधीच ठाऊक असतं. तह कुणी केला, फितुरी कुणाची, दगडात कसली शक्ती आहे. त्यांच्या डोळ्यांनी बघितलं तर विचारायला काही उरत नाही. वानला काही कळत नाही म्हणून तो विचारतो, आणि त्याला कुणी समजावून सांगतं म्हणून आपल्याला कळतं. शिवाय युद्ध झालं की सामान्य माणसाचं काय होतं, हे राजवाड्यातून दिसत नाही. गल्लीतून दिसतं. भाव वाढले, वस्ती जमिनीखालच्या अंधारात ढकलली गेली, थोरला भाऊ रणात गेला आणि पुन्हा उठला नाही.

त्या थोरल्या भावाची गोष्ट पालकांनी जरूर ऐकावी. गेम सुरू होतो तेव्हा आपण वान नसतो. आपण असतो त्याचा भाऊ, रेक्स. लहानसा शिपाई, बाश सरदाराच्या मागं किल्ल्यात शिरलेला. राजाला वाचवायचंय. आत पोचतो तो राजा मेलेला, आणि समोर बाश. तोच रेक्सला भोसकतो. आपण हे स्वतःच्या डोळ्यांनी बघतो, स्वतःच्या अंगावर झेलतो. बाश गद्दार, यात शंकेला जागाच उरत नाही. पुढं बऱ्याच वेळानं कळतं की तो बाश नव्हताच, त्याचा जुळा भाऊ होता, शत्रूच्या बाजूचा. म्हणजे डोळ्यांनी जे पाहिलं ते खरंच घडलं होतं, पण त्याचा जो अर्थ लावला तो चुकीचा होता. एका जागी उभं राहून दिसलेलं पुरेसं नव्हतं. वान ज्याला भावाचा मारेकरी समजून मनात जाळत होता, त्याच माणसासोबत त्याला पुढं चालावं लागतं. सूड धरून बसायचं की पुढं जायचं, हा प्रश्न राजकन्येलाही पडलेला असतो, तिचा नवरा युद्धात गेलाय. एका बाजूला गादी गमावलेली बाई, दुसऱ्या बाजूला गल्लीतला पोरगा, आणि दुःख एकच. ते तिला तोच सांगू शकतो.

मी हे एवढं लांबण लावून सांगितलं याला कारण आहे. भावकीतले बांधाचे वाद आपल्याला नवे नाहीत. चुलत्याशी बोलणं बंद असलेल्या घरातलं मूल चुलत भावाशी शाळेत एका बाकावर बसत नाही. का, विचारलं तर म्हणतं, "त्यांनी आमचा बांध कोरला." मूल बांधावर गेलेलंसुद्धा नसतं. ते घरात उभं आहे आणि घरातून जेवढं दिसतं तेवढंच त्याला दिसतंय. अशा मुलाशी बाशच्या जुळ्या भावाबद्दल बोलता येतं. तुझ्या डोळ्यांनी बघितलं होतंस ना? मग फसलास कसा? मूल आधी गेमबद्दलच बोलेल. तिथंच बोलू द्या. बांधाची गोष्ट त्याची त्याला कधी आठवायची तेव्हा आठवेल. तुम्ही ती त्याच्या तोंडावर मारू नका.

फ्री फायर आणि बीजीएमआयबद्दल तुम्ही विचारणारच. पब्जीवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, फ्री फायरवर फेब्रुवारी २०२२ मध्ये. बीजीएमआय आला, गेला, परत आला. पोरं एकावरून दुसऱ्यावर गेली, खेळणं काही थांबलं नाही. त्यातली बंदूक मलाही आवडत नाही. पण माझी खरी तक्रार निराळी आहे. तिथं लेकराला शरीर मिळतं, कपडे मिळतात, माणूस मिळत नाही. शंभरजण विमानातून उतरतात, एक उरतो. उरलेल्या नव्याण्णवांना गोष्ट नाही, घर नाही, ते कशासाठी तिथं आलेत याचा पत्ता नाही. आणि मुलगा ज्याच्या जागी उभा आहे त्यालाही नाही. रोज तीन-तीन तास अशा जागी उभं राहणं मला काळजीचं वाटतं. मित्रांसोबत चौघांची टोळी करून खेळताना त्यांच्यात गप्पा होतात, एकमेकांना वाचवणं होतं, ते मी नाकारत नाही. तरी त्याच्या जोडीला गोष्ट असलेला एखादा खेळ, एखादं पुस्तक, एखादा सिनेमा असू द्या.

पैसे लावायचे गेम हा विषयच वेगळा. रमी, पैज, रंग ओळखा, यांना मी गेम म्हणत नाही, तो जुगार आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं कायदा करून पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. तरी घरातल्या यूपीआयचा पिन मुलाला माहीत असेल तर आजच बदला.

आता एक अवघड प्रश्न. एका आईनं मला विचारलं होतं, "गेममध्ये तो खुनी होतो हो. सारखं खुन्याच्या डोळ्यांनी बघितलं तर पोरगं तसंच नाही का व्हायचं?" तिची भीती खोटी नाही, आणि तिला हसून उडवून देणं मला पटत नाही. उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही, नळदुर्गापर्यंत गेलं तरी पुरे. १८५३ मध्ये निजामानं नळदुर्गचा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला आणि तिथला कारभार बघायला फिलिप मेडोज टेलर आला. बोरी नदी अडवून पाणीमहाल जिथं बांधलाय, त्या किल्ल्यात त्याचा मुक्काम असे. त्याची पुढची 'तारा' ही कादंबरी १८६३ मध्ये निघाली, तिची नायिका तुळजापूरची मुलगी आहे. पण त्याचं गाजलेलं पुस्तक त्याच्या आधीचं, १८३९ चं, 'कन्फेशन्स ऑफ अ ठग'. ते सगळं अमीर अली नावाच्या ठगाच्या तोंडून सांगितलंय. वाटसरूंशी गोड बोलायचं, सोबत चालायचं, आणि रुमालानं गळा आवळायचा. वाचणारा शेकडो पानं त्या खुन्याच्या शेजारी बसतो. त्याच्यासोबत हसतो, त्याच्या चातुर्यावर खूश होतो, आणि मग स्वतःच दचकतो. शेवटी अमीर अलीला कळतं की ज्यांना आपण मारलं त्यांत आपली सख्खी बहीणही होती.

ते पुस्तक वाचून लोक ठग झाले नाहीत. याचं एक मोठं कारण मला त्या पुस्तकाच्या बांधणीतच दिसतं. अमीर अली एकटा बडबडत नाही. समोर साहेब बसलाय, ऐकतोय. मधेच थांबवतो, विचारतो, अंगावर काटा आला तर तसं बोलून दाखवतो. आपल्या गोंधळातही मुख्य गोंधळी कथा सांगतो तेव्हा साथीदार हुंकार देतो, मधेच शंका काढतो, "मग पुढं काय झालं?" विचारतो. संबळ-तुणतुणं तर हवंच, पण तो विचारणारा नसेल तर कथा पुढं सरकत नाही. मुलाला खुन्याच्या डोळ्यांनी बघायची वेळ आली तर धोका त्या बघण्यात जेवढा आहे, त्याहून जास्त ते बघणं कुणालाच न सांगता मनात साठवण्यात आहे. तेव्हा समोर बसणारं माणूस तुम्ही व्हा.

त्यासाठी गेम खेळता यायला हवा असं नाही. इंग्रजीही लागत नाही. मुलाला मास्तर व्हायला फार आवडतं, तुम्ही फक्त विद्यार्थी व्हा. तू कोण आहेस, तुझ्याबरोबर कोण आहे, तुला काय हवंय, तुला काय माहीत नाही. ज्याच्याशी भांडतोस त्याला काय हवंय? गोलूला कोंडून ठेवलं तेव्हा त्याला काय वाटलं असेल, गोलूच्या बाजूनं सांग बघू. ज्या दिवशी मूल गोलूच्या बाजूनं सांगेल, त्या दिवशी त्यानं मराठीच्या पेपरात निबंध लिहिण्यापेक्षा मोठं काम केलेलं असेल. सुट्टीत नळदुर्गला घेऊन जा. पाणीमहालाच्या जिन्यात उभं करून विचारा, इथं गेम असता तर तू कोण झाला असतास? किल्लेदार सगळेच म्हणतील. मग विचारा, दगड वाहणारा असतास तर? पाणी भरणारी बाई असतास तर? किल्ला तिथून कसा दिसला असता?

आणि जे आई-बाप सहा-सहा महिने फडावर असतात, ज्यांची लेकरं आजीकडं किंवा वसतिगृहात आहेत, त्यांना मला विशेष सांगायचंय. तुम्ही रात्री दमून फोन लावता. जेवलास का, अभ्यास केलास का. दोन "हो" ऐकू येतात आणि फोन थंड पडतो. तिकडं लेकरू फोन ठेवून गेमकडं वळतं, कारण तिथं पुढं काय होणार आहे याची त्याला ओढ असते. त्याच फोनवर तिसरा प्रश्न विचारा, "तुझी राजी कुठवर पोचली? भाऊ सापडला का?" नाव चुकलं तरी चालेल, मूल दुरुस्त करेल, आणि दुरुस्त करता करता बोलत राहील. चार दिवसांनी ते स्वतःहून विचारेल, "आई, तुमचा आजचा फड केवढा होता?" तुमच्या डोळ्यांनी दिसणारा फड त्याला सांगा. थंडी, पाचट, गाडी भरताना पाठीत भरलेली कळ, सगळं सांगा. "तू काळजी करू नकोस" म्हणून झाकून ठेवू नका. त्यालाही तुमच्या जागी उभं राहून बघू द्या.

पुढच्या पालकसभेला येताना मोबाइलच्या तासांचा हिशेब आणा, तो मी घेईनच. सोबत आपलं लेकरू सध्या कोण आहे, त्याचं नाव काय आणि ते कुणाला शोधतंय, एवढं त्याच्याकडून विचारून या. मी प्रत्येकाला विचारणार आहे.